गरम पेरू, गार साय

नाशिक, २४ नोव्हेंबर

विहीणबाई लंकाबाईंना प्रतिभाचा नमस्कार.

डब्यात चिठ्ठी बघून दचकू नका. फोन केला की महेशराव तो स्पीकरवर टाकतात आणि माझं बोलणं तुमच्याआधी अंगणातली माणसं ऐकतात. सावळीराम रोज पहाटे तुमच्या मळ्यातली भाजी नाशिकच्या मार्केटला आणतो, जाताना त्याची पिकअप रिकामीच असते. तेव्हा म्हटलं, डबा त्याच्याकडे द्यावा आणि डब्यात चार ओळी टाकाव्यात.

वैष्णवीने तुम्हाला सांगितलंच असेल. डिसेंबरअखेर मळ्यावरच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी उघडायच्या. महेशरावांनी तर ‘आईच्या हातचं जेवण’ असा बोर्डही रंगवून घेतलाय म्हणे. जेवणाची काळजी नाही, तुमच्या हाताची चव साऱ्या दिंडोरीला माहीत आहे. पण वैष्णवीचं म्हणणं, थंडीत येणाऱ्या पाहुण्यांना आपल्याच मळ्यातल्या पेरूचं काहीतरी गोड, गरमागरम द्यावं. ती ज्या वायनरीच्या ऑफिसात काम करते तिथल्या हॉटेलात ‘क्रंबल’ नावाचा पदार्थ करतात. खाली शिजलेलं फळ. वर मैदा, लोणी, साखर हाताने चुरून केलेला भुगा. ते ओव्हनमध्ये भाजायचं आणि गरम असतानाच काहीतरी गार घालून खायचं. हा तुम्ही दोघींनी मिळून बसवा, असं तिने मला बजावलंय. माझ्याकडे प्रेसमधून रिटायर झाल्यावर हौसेने घेतलेला ओव्हन आहे, तुमच्याकडे पेरू आहेत.

पहिला प्रयत्न पाठवते आहे. कसा झाला ते मोकळेपणाने कळवा. विहीण म्हणून भीड धरू नका.

आपली,
प्रतिभा


मळा, दिंडोरी, २६ नोव्हेंबर

प्रतिभाताईंना लंकाबाईचा नमस्कार.

डबा पोचला. सारे द्राक्षबागेत होते, म्हणून मी एकटीनंच उघडला. तुम्ही मोकळेपणानं लिहा म्हणालात, म्हणून लिहिते. वरचा थर ओल्या भुशासारखा झाला होता. दाताखाली काहीच येईना. मधे पेरूच्या बिया तेवढ्या आल्या, त्या दाढेत बसल्या. पाहुणा बिया काढत बसंल तर गोड खाईल कधी?

मला एक विचारायचं हाय. हा वरचा भुगा म्हणजे नानकटाईचं पीठच झालं की. मग ते वळायचं का नाय? तसंच चुरा ठेवून भाजलं तर कुरकुरीत होतं का? होत असंल तर कशानं होतं, लोण्यानं का साखरेनं? आणि खाताना आवाज येतो का? वैष्णवीला विचारलं, तर ती म्हणाली, आत्या, चमचा मारला की आवाज यायला पायजे. तसा आवाज मला ऐकायचा हाय.

डबा रिकामा पाठवत नाय. पांढरे आणि गुलाबी, दोन्ही पेरू ठेवलेत.

एक सांगू का नको असं झालंय, पण तुम्ही तिच्या आई, म्हणून सांगते. परवा संध्याकाळी वैष्णवी कामावरून आली ती अंगणातूनच ओरडत. पळत आत आली, गॅस बंद केला, दारं-खिडक्या उघडल्या, मला हाताला धरून बाहेर काढलं. गॅसचं बटण जरा उघडं राहिलं होतं, एवढंच. मी घरातच बसले होते, मला काय झालं होतं? दोन दिवस नीट बोलली नाय. मला वाईट वाटलं.

लंकाबाई


नाशिक, २९ नोव्हेंबर

लंकाबाईंना नमस्कार.

पत्र वाचून आधी जरा हिरमुसले, खोटं कशाला बोलू. ओला भुसा, बिया, आवाज, सगळं लिहिलंत. क्रंबल बरा होता की वाईट, हे एका शब्दाने नाही. मग म्हटलं, नसेल आवडला.

पण तुमचं भुशाचं म्हणणं खरं आहे. गरम क्रंबल मी डब्यात बंद केला, त्याची वाफ वर चढली आणि चुरा भिजला. म्हणून या वेळी दोन डबे पाठवते. एकात फळ, एकात चुरा, वेगळा भाजून पूर्ण गार केलेला.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दोन वाट्या मैद्याला वाटीभर लोणी आणि वाटीला थोडी कमी साखर. लोणी फ्रिजमधलं, घट्ट हवं. पातळ झालं की पीठ सगळं पिऊन टाकतं आणि मग भाजल्यावर वीट होते. करंजीच्या मैद्याला मोहन घालून आपण चोळतो ना, तसं बोटांच्या टोकांनी चोळायचं. मुठीत दाबलं तर मुटका व्हावा आणि बोट लावलं की फुटावा. काही खडे मोठे, काही बारीक राहिले की बरं. वळायचं मात्र नाही. वळलं की नानकटाई, सोडलं की क्रंबल.

बियांसाठी पेरूचा मधला गर चमच्याने काढला, थोड्या पाण्यात शिजवून चाळणीवर घासला. बिया वर राहिल्या, गर खाली आला. तो फोडींत मिसळला, गूळ घातला, लिंबू पिळलं. पेरू फार पिकलेला घेतला तर फोडींचा लगदा होतो. टणक, नुकता पिवळा पडलेला चांगला.

वैष्णवीचं मनाला लावून घेऊ नका. मी तिला फोनवर चांगलं बोलले. सासूशी असं वागतात का, म्हटलं. ती म्हणाली, “आई, तुला माहीत नाही,” आणि फोन ठेवला. तिच्या वतीने मी माफी मागते.

प्रतिभा


मळा, ३ डिसेंबर

प्रतिभाताईंना नमस्कार.

माफी कशाला मागता? पोरीला बोलू नका. ती तिच्या जागी बरोबर होती.

दोन डब्यांची युक्ती लय चांगली. मी फळ पातेल्यात गरम केलं, वाटीत घेतलं, वर चुरा टाकला. फ्रिजमधी सकाळच्या दुधाची साय होती, ती चमचाभर वर सोडली. ताई, काय सांगू. आधी ओठाला गार लागलं, मग दाताखाली कुरकुर, मग एकदम जिभेला चटका आणि लिंबाचा आंबट झणका. एकाच घासात एवढं सारं. मी वाटी संपवली आणि परत घेतली. लय दिवसांनी मी परत मागून काही खाल्लं. आता माझं म्हणणं असं की चुरा ताटात येईपर्यंत फळाला भेटूच द्यायचा नाय.

मी बी करून पाहिलं. मैद्यात मूठभर बाजरीचं पीठ आणि जाड रवा मिसळला, रव्यानं कुरकुर वाढंल म्हणून. आमच्याकडं ओव्हन नाय, तर चुलीवर पातेलं ठेवून झाकणावर निखारे टाकले. खाली जाळ जास्त झाला. मी तिथंच, चुलीकडं पाठ करून पेरूच्या बिया काढत बसले होते. महेश बागेतून धावत आला, म्हणाला, “आई, काय जळतंय?” बघते तर पातेल्याचा कोळसा. तो म्हणाला, “अगं, बांधापर्यंत वास आला.” मी म्हटलं, डोळा लागला होता.

बाजरीचा नाद मी सोडणार नाय. तुमच्या ओव्हनात करून बघा. पीठ आणि रवा पाठवते.

लंकाबाई


नाशिक, ८ डिसेंबर

लंकाबाईंना नमस्कार.

आज थोडकंच लिहिते. दोन दिवस सर्दीने नाक चोंदलंय, डोकं जड आहे. पण पाहुणे जवळ आले म्हणून केलंच. तुमचं बाजरीचं पीठ आणि रवा चुऱ्यात घातला, हाताला तरी छान खरखरीत लागतोय. फळात या वेळी थोडी सुंठ टाकली आहे, थंडीचे दिवस म्हणून. मला स्वतःला काही कळत नाही. कसा झाला ते तुम्हीच सांगा.

प्रतिभा


मळा, ९ डिसेंबर

प्रतिभाताई, नमस्कार.

आतापर्यंतचा सगळ्यात भारी हाच. बाजरीनं काय कडक कुरकुर आलीय. रवा वाळूसारखा लागंल असं भ्या वाटलं होतं, तसं झालं नाय. मी तर म्हणते, आता हाच धरा, बदलू नका. सुंठ बी बरोबर पडलीय. मी एकटीनंच सारा संपवला, पोरांना ठेवलाच नाय, त्याची जरा लाज वाटतीय.

सर्दीला आल्याचा काढा घ्या. डब्यात आलं हाय.

लंकाबाई


नाशिक, १२ डिसेंबर

लंकाबाईंना नमस्कार.

हे पत्र कसं लिहावं कळेना, म्हणून तीन दिवस डबा माझ्याकडे पडून राहिला.

आठ तारखेला तुमचा डबा सावळीरामकडे दिला आणि थोडा क्रंबल शेजारच्या भाग्यश्रीला नेऊन दिला. तिने पहिला घास तोंडात घातला आणि धावत बेसिनकडे गेली. परत आली ती हसू का रडू अशा चेहऱ्याने. म्हणाली, “काकू, यात हिंग आहे.” मी घरी येऊन डबे पाहिले. सुंठीची डबी न उघडलेली. हिंगाची अर्धी. माझं नाक बंद होतं, म्हणून मला भाजतानाही कळलं नाही. संध्याकाळी भाग्यश्री म्हणाली, जिन्यापर्यंत वास येतोय.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विहिणीच्या घरी हिंगाचं गोड पाठवलं. तुमचं पत्र आता काय घेऊन येतं याची वाट बघत बसले. आणि पत्र आलं, ‘सगळ्यात भारी हाच’.

आधी मला राग आला. वाटलं, टोमणा मारताहेत. मग वाटलं, खाल्लाच नसेल, म्हशीपुढे टाकला असेल आणि माझं मन राखायला लिहिलं असेल. पण कुरकुर, रवा, वाळू हे न खाता कुणी लिहीत नाही. त्या दिवसांत सर्दीने मला चहासुद्धा कोमट पाण्यासारखा लागत होता. साखर कळत होती, चहा कळत नव्हता. तेव्हा माझ्या डोक्यात एक एक यायला लागलं. तुम्ही गार सांगता, गरम सांगता, आंबट सांगता, आवाज सांगता. पेरूबद्दल कधी काही नाही. पातेलं पाठीमागे जळून कोळसा झालं. गॅस घरभर पसरला आणि तुम्ही आत बसून होतात.

लंकाबाई, तुम्हाला वास येतो का?

मी चुकत असेन तर मला हवं ते बोला. पण बरोबर असेन तर एक ऐका. वास येत नाही ही गोष्ट तुमची आहे, ती मी कुणाला सांगणार नाही. गॅसचं मात्र तसं नाही. दिवसभर तुम्ही घरात एकट्या असता. हे तुम्ही महेशरावांना सांगा. पाहुणे येण्याआधी सांगा. तुम्ही नाही सांगितलंत तर मला सांगावं लागेल. मग तुम्ही जन्मभर माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल.

प्रतिभा


नाशिक, १७ डिसेंबर

लंकाबाईंना नमस्कार.

सावळीरामने डबा आणून दिला. रिकामा. चिठ्ठी नाही, पेरू नाही, साखरेचा दाणासुद्धा नाही. मी तो ओट्यावर ठेवून दिला. तुमच्या घरून रिकामा डबा येतो म्हणजे काय ते मला कळलं.

रागावला असाल तर रागवा. मी माझं म्हणणं मागे घेत नाही. येत्या रविवारपर्यंत थांबते.

प्रतिभा


मळा, २१ डिसेंबर

प्रतिभाताईंना लंकाबाईचा नमस्कार.

रिकामा डबा मीच पाठवला. मुद्दाम पाठवला. तुमचं पत्र वाचून अंगाचा भडका उडाला. वाटलं, ही बाई शहरात बसून माझ्या चुलीत डोकावते. नंतर त्याच डब्यासाठी मलाच वाईट वाटलं. माझ्या आईनं कधी कुणाचा डबा रिकामा धाडला नाय.

आता खरं ते लिहिते. मागल्या वर्षीच्या श्रावणात मला ताप आला होता. ताप गेला आणि त्याच्याबरोबर वास गेला. आधी वाटलं, येईल चार दिवसांनी. गोड, खारट, आंबट, तिखट एवढं कळतं. बाकी सारं गेलं. मेथीची भाजी आणि पालापाचोळा मला सारखाच. हापूस म्हणजे गुळाचं पाणी. आपल्या अंगाला वास येत असंल या भ्यानं मी दिवसातून दोनदा आंघोळ करते, लुगडं रोज धुते. जेवण नकोसं झालं. कुणी विचारलं तर उपास हाय म्हणायचं. सारे देव माझ्या कामी आले.

सांगितलं का नाय? सांगून काय करू? साऱ्या भावकीत लग्न असलं की लंकाबाईला बोलवा, आमटी तिनंच फोडणीला टाकायची. त्यात महेशनं बोर्ड रंगवला. ‘आईच्या हातचं’. तो बोर्ड मला रोज दिसायचा. हात हायेत, पण चव बघणारं कोण? इतके दिवस मी अंदाजानं केलं. इतक्या वर्षांचा हात हाय, तो चुकत नाय. पण मनात धाकधूक.

तुमचा रविवार यायच्या आत, शुक्रवारी जेवताना मी बोलले. महेशचा घास हातातच राहिला. मला वाटलं, आता हा चिडंल, बोर्डाचं काय म्हणंल. तो म्हणाला, “मागच्या आठवड्यातला ठेचा कुणी केला होता?”

“मीच.”

“काही न कळता?”

“अंदाजानं.”

त्यानं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, “आई, दीड वर्ष तू आमच्यासमोर बसून जेवलीस आणि मला कळलं नाही.” आणि उठून बाहेर गेला. बागेत शेकोटी होती तिथं जाऊन उभा राहिला. मी वैष्णवीकडं बघितलं. ती शांत होती. म्हणाली, “आत्या, मला संशय आधीपासून होता, गॅसच्या दिवशी खात्री झाली. तुम्ही स्वतः सांगाल म्हणून थांबले.”

मग ताई, पोरीनं काय सांगितलं ते ऐका. तिनं बघून ठेवलं होतं, मी पोळी-भाजी सारते आणि कुरडई, खारी, चुरमुरे तेवढे खाते. ऊन भातावर गार ताक घालून घेते. वायनरीत तिनं क्रंबल खाल्ला, तेव्हा तिच्या मनात आलं, हे आत्यांना खाता येईल. पाहुण्यांचं निमित्त होतं. ‘तुम्ही दोघींनी बसवा’ हे बी त्यासाठीच. तुमच्यासमोर चार गोष्टी माझ्या तोंडून निघतील म्हणून.

तिला मी त्या दिवशी उर्मट समजले होते. तुम्ही बी तिला बोललात. आता दोघींनी मिळून तिला काय द्यायचं ते तुम्ही ठरवा.

काल नाशिकला नाकाच्या डॉक्टरांना दाखवलं. तुमच्याकडं आले नाय, तोंड दाखवायची लाज वाटली. ते म्हणाले, येईल बी, नाय बी, थोडा येईल. रोज सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबू, गुलाब असं काहीबाही नाकाशी धरायचं आणि तो वास आठवायचा. महेशनं गॅस सुटला की वाजणारं यंत्र बसवलं आणि माझ्यासाठी विजेची शेगडी आणली.

डब्यात पेरू, आलं, कोथिंबीर, वांगी, जे बसलं ते भरलंय. झाकण लागत नव्हतं, सावळीरामनं सुतळीनं बांधलं.

लंकाबाई


नाशिक, २३ डिसेंबर

लंकाबाईंना नमस्कार.

सुतळी सोडता सोडता रडले आणि मग तीच वांगी भरून जेवले.

वैष्णवीला फोन केला. म्हटलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, “आई, ते त्यांचं होतं, मी कसं सांगणार?” माझी पोर माझ्यापेक्षा शहाणी निघाली. मी तिला बोलले ते मागे घेतलं.

पाहुण्यांसाठी चुरा डबाभर भाजून पाठवते. पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणात ठेवला की आठवडाभर कुरकुरीत राहतो. हिंगाची डबी मी वरच्या फळीवर ठेवली आहे. फळाची चव वैष्णवी बघेल. गरम-गार आणि कुरकुर तुम्ही बघा. त्यात तुमच्या वरचढ कुणी नाही.

प्रतिभा


मळा, २९ डिसेंबर

प्रतिभाताईंना नमस्कार.

काल पाहुणे आले. ठाण्याची दोन कुटुंबं. थंडी अशी की बागेत जागोजाग शेकोट्या पेटवल्या होत्या. जेवण झालं. भाकरी-भरीत सगळ्यांना आवडलं, पण ते तर आवडतंच.

मग क्रंबल. वाट्या गरम पाण्यात ठेवून कोमट केल्या, म्हणजे फळ लवकर निवत नाय. पेरू सणसणीत गरम. चुरा परातीत घेऊन मी स्वतः पंगतीतून फिरले, म्हटलं, ज्याची त्यानं मूठ घाला, पायजे तेवढा. शहरातली माणसं आधी संकोचली, मग हात घालायला लागली. मागून वैष्णवी साय घेऊन. एक बाई म्हणाल्या, साय नको, वजन वाढतं. मी म्हटलं, मग नुसतं खा, पण अर्ध्यात मागू नका. त्यांनी अर्ध्यात मागितली.

सगळ्यांचे चमचे चालू झाले. नुसता कुरकुर आवाज. ताई, तो आवाज मी परात धरून उभ्यानं ऐकला. मग महेश म्हणाला, “आई, बस आता.” मी पाहुण्यांच्या पंगतीत बसले आणि सगळ्यांसमोर दोन वाट्या खाल्ल्या. उपास नव्हता.

एका पाहुण्यांनी विचारलं, “आजी, ही चव तुम्ही कशी जमवली?” महेश माझ्याकडं बघायला लागला. मी सांगितलं, “चव माझ्या विहिणीची आणि सुनेची. मला वास येत नाय. कुरकुर माझी.” ते हसले नायत. पुढचा घास त्यांनी जरा हळू खाल्ला, डोळे मिटून. काय शोधत होते कोण जाणे.

लवंग, लिंबू रोज हुंगते. अजून काही नाय.

तुम्हाला एक विचारते. पेरू मी आयुष्यभर पिकवला, पण भाजलेल्या पेरूचा वास मला ठाऊकच नाय. माझं नाक होतं तेव्हा कुणी पेरू भाजत नव्हतं. डॉक्टर म्हणतात वास आठवा, तर जो घेतलाच नाय तो कसा आठवू? तो कसा असतो, ते मला लिहून कळवाल का?

लंकाबाई


नाशिक, २ जानेवारी

लंकाबाईंना नमस्कार.

तुमच्या प्रश्नाने मला कामाला लावलं. सकाळी एक क्रंबल मुद्दाम तुमच्यासाठी भाजला आणि ओव्हनपुढे खुर्ची टाकून बसले. पंचाहत्तर टक्के गोष्टींना माझ्याकडे शब्दच नाहीत, तरी सांगते.

सुरुवातीला काहीच येत नाही. मग पेरू येतो, पण झाडावरचा नाही. अढी लावून विसरलेला पेरू दोन दिवसांनी पेंढ्यात सापडावा, तसा. त्यात गूळ तापतो, गुऱ्हाळाच्या वाटेवर गेल्यासारखं वाटतं. मग लोणी. तुम्ही लोणी कढवता आणि तळाची बेरी तांबूस व्हायला लागते, तिथे आपण गॅस बारीक करतो ना, तोच क्षण, पण तो इथे बराच वेळ थांबतो. बाजरी सगळ्यात शेवटी येते. भाकरीचा पापुद्रा तव्यावर फुगून जरा करपला की येते तशी. आणि खाली कुठेतरी सुंठ, बाळंतिणीच्या खोलीसारखी. महेशरावांच्या वेळी तुमच्या खोलीत असेल तशी.

हे लिहून वाचलं आणि समाधान झालं नाही. कागदावर सगळे वास एकदम येतात. खरे एकामागून एक येतात, मधे थांबतात, एकमेकांत शिरतात.

म्हणून या शनिवारी मी येते. भाग्यश्रीचा भाऊ सनी गाडी देतोय, ओव्हन मागच्या सीटवर टाकून आणते. पेरू कापून ठेवा, बिया मी आल्यावर काढू. क्रंबल आत गेला की आपण दोघी त्याच्यापुढे बसू. काय येतंय ते मी सांगत जाईन, तुम्ही हुंगत राहा.

प्रतिभा